इथं पानी लागते

१

शिलाईच्या खोलीत मी दुसऱ्या कुणाला झाडू मारू देत नाही. खाली सुया पडलेल्या असतात, टाचण्या असतात, आणि आमच्या घरातल्या माणसांना डोळे असून खाली बघायची सवय नाही. त्यामुळे रोज सकाळी चहा झाला की मीच मशीनखालच्या चिंध्या गोळा करते, पोत्यात भरते, मशीनला तेल सोडते आणि कामाला बसते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, कुणाचं फॉल-पिको. लग्नसराईत तर जेवायला उठायची फुरसत नसते.

त्या दिवशी चिंध्या मशीनखाली नव्हत्या. सगळ्या मागच्या दाराच्या उंबऱ्याला जाऊन चिकटल्या होत्या. लाल, हिरव्या, अस्तराच्या पांढऱ्या. काही दाराखालच्या फटीत शिरून पलीकडे गेल्या होत्या, नुसतं टोक अलीकडे राहिलं होतं.

मी आधी पंख्याला शिव्या घातल्या. मग आठवलं, लाईट कालपासूनच नव्हती. मांजर म्हणावं तर मांजर चिंध्या अशा ओळीने लावून ठेवत नाही. मी एक टोक धरून ओढलं तर ते सहज आलं नाही. पलीकडून कुणी धरलं असावं तसं जरा ताणलं गेलं, मग सुटलं.

"अवो, ऐकलं का?" मी हाक मारली. "ह्या चिंध्या कोनं लोटल्या इकडे?"

आमचे हे, म्हणजे अर्जुनराव, ओसरीत दाढी करत बसले होते. "वारा असन."

"वारा आतून बाहेर जाते का कधी?"

"तुह्या खोलीतला वारा, तुले माहीत," ते म्हणाले आणि पुन्हा आरशात तोंड घातलं.

मागचं दार आंगणात उघडतं. दाराच्या समोरच, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, आमचा नवा बोअर आहे. त्याच्या पाईपावर झाकण म्हणून एक फरशीचा तुकडा ठेवलेला होता. तो बाजूला सरकला होता. मी तो परत नीट ठेवला आणि चिंध्या भरून टाकल्या. वारा म्हणे.

२

आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या अंगाला. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीला काठावरून वाकलं की आपलं तोंड दिसायचं. मग मोटरी आल्या. विहिरी आटल्या तसे विहिरीतून आडवे बोअर मारले. ते आटले तेव्हा उभे मारले. शेजाऱ्याने खोल मारला की आपला कोरडा पडायचा, मग आपण त्याच्याहून खोल मारायचा, की त्याचा कोरडा. असं करत करत गावात आता माणसांपेक्षा भोकं जास्त झाली आहेत. कुणाला काही बोलायची सोय नाही. बोलणाऱ्याच्या शेतातही दोन-चार असतातच.

घराच्या मागे आमची संत्र्याची बाग. ही बाग म्हणजे ह्यांचा जीव. सुचिता, आमची एकुलती एक मुलगी, लहान असताना तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा हे आधी बागेला पाणी देऊन आले आणि मग दवाखान्यात. मी ते अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही. बागेतले बोअर एकामागून एक गेले. झाडं वरून वाळत चालली. ह्यांनी जेवण सोडलं, झोप सोडली. मग एक दिवस सोजराबाईला घेऊन आले.

सोजराबाई म्हणजे वेशीपाशी एकटी राहणारी म्हातारी. तळहातावर नारळ घेऊन अनवाणी फिरते आणि नारळ उभा राहिला की तिथे पाणी. शेतभर फिरली, नारळ हलला नाही. परत जाताना आमच्या आंगणातून निघाली आणि मागच्या दारापाशी नारळ टुणकन उभा राहिला. एवढंच नाही, तिच्या हातातून सुटून खाली पडला. म्हातारी तिथेच मटकन बसली.

"इथं पानी लागते, अर्जुनराव," ती म्हणाली.

झालं! ह्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. फोन काढून बोअरच्या गाडीवाल्याला लावला. मी चहा टाकला, पण म्हातारी थांबली नाही. नारळही घेतला नाही. आमच्या घरचं पाणीसुद्धा न पिता काठी टेकत गेली. मला तेव्हा राग आला होता. आपल्या दारचं पाणी नाकारून कुणी गेलं की राग येतोच.

दुसऱ्याच दिवशी गाडी आली. तामिळनाडूकडची पोरं, दोन शब्द हिंदीचे आणि बाकी सगळा हातवाऱ्यांचा कारभार. दिवसभर गरगर, धडधड आणि धुरळा. घरातली सगळी भांडी पांढरी झाली. सातशे फूट गेले, आठशे गेले, नुसता फुफाटा. पोरं म्हणाली, बस करा. हे म्हणाले, मारा. हजारच्या पुढे गेल्यावर जमिनीतून घुसमटल्यासारखा आवाज आला आणि पाण्याचा फवारा आमच्या छपरावर जाऊन पडला.

"पानी लागलं! पानी लागलं!" हे आंगणात लहान पोरासारखे नाचले. सगळं गाव बघायला आलं. कुणी गुलाल आणला, कुणी पेढे. सोजराबाई तेवढी आली नाही.

३

सुचिता तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. जावई मोताळ्याला बी-बियाण्याचं दुकान चालवतात, ज्येष्ठ लागला की मायलेकींना न्यायला येणार होते. बाळाचं नाव कागदोपत्री काही का असेना, आम्ही तिला चिऊ म्हणत होतो. गोरी, गुबगुबीत, भुकेला जराही दम नाही. दिवसाला इतके लंगोट ओले करायची की दोरीवर जागा पुरायची नाही. मी लटकं ओरडायचे, "तुह्या मायनं बी इतकं मुतलं नाही व!"

पाणी आलं तसं घरात चैतन्य आलं. मोटर बसली. बटन दाबलं की बागेपर्यंत पाणीच पाणी. वाळत चाललेल्या फांद्यांना आठवड्याभरात पालवी फुटली. हे सकाळ-संध्याकाळ बागेतून चक्कर मारायचे आणि तोंडभर हसायचे. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू? टँकरच्या मागे हंडा घेऊन पळणं सुटलं होतं.

पण घरात एकेक गोष्ट खटकायला लागली.

आधी माठ. माठ झिरपतो म्हणून तर पाणी गार होतं. आमचा माठ बाहेरून ठणठणीत कोरडा राहायला लागला, आणि रात्री भरलेला सकाळी अर्धा. फुटला असेल म्हणून दुसरा आणला. त्याचंही तेच. मग कैरीच्या लोणच्याचा खार आटला. बरणीचं झाकण बंद, फडकं घट्ट, आणि आत फोडी लाकडासारख्या. मग म्हैस. चांगली भरल्या कासेची म्हैस, ती हळूहळू आटत गेली. ढोरांच्या डॉक्टरने बघितलं, त्याला काही सापडलं नाही.

मी मनाला समजावत होते. वैशाखाचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या पुढे. अशा दिवसांत काय ओलं राहतं? धुणं टाकेपर्यंत वाळत होतं. तांब्याभर पाणी प्यालं तरी जीभ टाळूला चिकटलेलीच राहायची. ऊनच ते. सगळ्या जिल्ह्यात ऊन होतं.

मग एका दुपारी मी मशीन चालवत होते. घरात निजानीज होती. दोरा तुटला म्हणून मी पाय थांबवला, मशीन थांबली, आणि मला बाळ दूध पीत असल्याचा आवाज आला. चुट्, चुट्, मधे जरा दम घेऊन परत चुट्. मला बरं वाटलं. दोन दिवस चिऊ नीट प्यायली नव्हती, सुचिता कुरकुरत होती. आता लागली वाटतं प्यायला. मी दोरा ओवत तो आवाज ऐकत राहिले. एखादा घोट मोठा यायचा, आणि मला हसू यायचं.

थोड्या वेळाने मी उठून मधल्या खोलीत डोकावले. सुचिता भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. चिऊ पाळण्यात होती, डोळे उघडे, ओठ कोरडे, आढ्याकडे बघत.

आवाज माझ्या खोलीतून येत होता. मागच्या दाराच्या पलीकडून. मी परत गेले तेव्हा थांबला.

४

शिंप्याची नजर वेगळी असते. माणूस आत आला की आम्हाला आधी त्याची मापं दिसतात, तोंड मागाहून. चिऊला मी बारशाला मऊ मलमलचं झबलं शिवलं होतं, अंगाला अगदी बेताचं. बाळं वाढतात, झबली तोकडी होतात, हा जगाचा नियम. ते झबलं मी त्या दिवशी घातलं तर खांद्यावरून उतरलं.

"सैल शिवलं तू," सुचिता म्हणाली.

"मी सैल शिवत नसते," मी म्हणाले. आवाज चढला माझा.

मग अंघोळीच्या वेळी टाळू भरायला घेतली. खोबऱ्याचं तेल टाळूवर सोडलं की ते ओघळतं, आपण बोटांनी जिरवतो. चिऊच्या टाळूवर तेल ओघळलं नाही. तिथेच थांबलं. टाळू इतकी खोल गेली होती की वाटीत ठेवल्यासारखं तेल तिथे उभं राहिलं. तेल मी पुसून घेतलं आणि सुचिताला काही बोलले नाही.

दोरीकडे बघितलं. दोरीवर एकही लंगोट नव्हता.

"सुचिता, कालपासून किती भिजवले हिनं?"

तिने आठवायचा प्रयत्न केला. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. तिचेही ओठ फुटले होते. बाळंतिणीच्या अंगाला दुधाचा वास असतो, तिच्या अंगाला कसलाच वास राहिला नव्हता. चिऊ रडायला लागली. तोंड वेडंवाकडं झालं, आवाज फुटला, पण डोळ्यांतून थेंब नाही. मी पदराचं टोक तिच्या डोळ्याला लावून बघितलं. कोरडं.

जळगाव जामोदच्या डॉक्टरने औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायला सांगितलं. दवाखान्यात पाजलं तर तिथे तिने थोडं भिजवलं. आमचा जीव भांड्यात पडला. घरी आणलं आणि पुन्हा तेच.

"तुले सांगतो, पोरीले मोताळ्याले धाडून देऊ," हे म्हणाले. "इकडची हवा नाही मानवून राह्यली."

"हवा?" मी म्हणाले. "अवो, हवा नाही. काहीतरी पिऊन राह्यलं आपल्या घरात."

असं मी बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू जरा झोप घे," आणि बागेकडे निघून गेले. बाग हिरवीगार झाली होती, पाचूसारखी. मला ती बघवत नव्हती.

५

दोन दिवसांनी मोटर बंद पडली. मोटर मेकॅनिक अविनाश, वडनेर भोलजीचा, गेली कित्येक वर्षं आमच्या मोटरी काढतो-बसवतो. गडी बोलका. पाईप वर ओढताना त्याची बडबड चालू असते, कुठल्या गावात कुणाचा बोअर गेला, कुणाची सोयरीक मोडली. त्या दिवशी पहिले पाईप वर आले तोवर बोलत होता. मग गप्प झाला.

मोटर वर आली तेव्हा त्याने ती आंगणात आडवी ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. हात पांढरा झाला. भुकटी. त्याने बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"काकू, हे मोटर पान्यात नव्हती."

"म्हंजे?"

"म्हंजे पान्यात नव्हतीच कधी. पाह्य ना, गाळ नाही, ओल नाही, शेवाळ नाही. खाली पानी हायेच नाही."

"मंग बाग कशावर भिजून राह्यली बे?" हे ओरडले. "माह्या डोळ्यानं पाह्यतो मी रोज! पाट भरून वाह्यते!"

"ते मले नाही माहीत, काका." अविनाशने सामान गोळा केलं. मोटर दुकानात नेऊन बघतो म्हणाला, पण न्यायला हात लावला नाही. गाडीला किक मारून निघून गेला. गेटपाशी त्याने एकदा मागे वळून बघितलं.

हे तावातावाने दुसरा मेकॅनिक शोधायला गेले. मी एकटीच आंगणात उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं होतं. बोअरमध्ये बघायचं असलं तर आमच्याकडे आरशाने ऊन आत सोडतात. मी खोलीतला आरसा आणला, बायका ब्लाउज घालून बघतात तो. फरशी बाजूला केली. पाईपाच्या तोंडाशी हात नेला तर बोटांवरून हवा आत जात होती. बाहेर नाही, आत. थांबून थांबून.

खोल भोकात हवा खेळते, मी स्वतःला सांगितलं. दाब असतो. शाळेत शिकले होते.

आरशाची तिरीप आत सोडली. लोखंडी पाईप संपला, मग दगड. कोरडा, गुळगुळीत दगड. खाली, आणखी खाली. एका जागी माझ्या चिंध्या चिकटलेल्या दिसल्या. लाल-हिरव्या गेलेल्या चिंध्या, आता सगळ्या सारख्या पांढऱ्या. चोखून टाकलेल्या.

त्यांच्या खाली काहीतरी चमकलं.

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने "पानी!" म्हणाले. अविनाश गाढव आहे, पाणी आहे की. आरसा जरा सरळ केला. चमक ओली होती, गुलाबीसर होती. मग ती बारीक झाली, मिटली, आणि दगडाची भोवतालची भिंत वरपर्यंत आत ओढल्यासारखी आवळली. मग सैल झाली. चमक परत आली.

पाणी असं करत नाही.

आरसा माझ्या हातातून सुटला. तो आत पडला. मी कान देऊन थांबले. पडल्याचा आवाज आलाच नाही.

६

मी चप्पल न घालताच सोजराबाईच्या घराकडे पळाले. हे वाटेत भेटले, माझा अवतार बघून मागे मागे आले. "काऊन? काय झालं? आता त्या म्हातारीनं काय केलं?" वाटभर तेच. "तिनं तं पानी दाखवून देल्लं. उलट तिचे पाय धुवून पेले पाह्यजे."

सोजराबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"मावशी," मी म्हणाले, "त्या बोअरमंधी पानी नाही."

"नाहीच."

"असं कसं?" हे उसळले. "तूच म्हनली होती ना, इथं पानी लागते म्हनून? साऱ्या घरानं ऐकलं!"

"हाव, म्हनली होती." म्हातारी शांतपणे बोलत होती. "पानी हाये, असं म्हनली का मी? लागते म्हनली. तुमाले लागते, मले लागते, ढोराले लागते, बागेले लागते. तसं तिथं बी लागते. किती वर्साचं तहानेलं हाये ते. सारे काढूनच राह्यले, अर्जुनराव. कोनं घातलं का कधी?"

ह्यांचा हात खिशातल्या फोनाकडे गेला.

"मी बोलून राह्यली होती तं तुमी फोन लावला," ती म्हणाली. "तुमच्या घरात ओली बाळंतीन हाये ना?"

ओली बाळंतीण. हा शब्द मी जन्मभर बोलत आले. ओल्या बाळंतिणीला वारा लागू देऊ नका, ओल्या बाळंतिणीने गार पाण्यात हात घालू नये. ओली म्हणजे नुकती सुटका झालेली, एवढाच अर्थ मला माहीत होता. त्या ओट्यावर उभी असताना मला त्याचा दुसरा अर्थ कळला.

तेवढ्यात ह्यांच्या खिशातला फोन वाजला. सुचिताचा होता. ती नुसती किंचाळत होती.

७

जळगावच्या दवाखान्यात चिऊला शीर सापडेना. नर्स एक हात सोडून दुसरा धरत होती, मग पाय, मग डोकं. शेवटी सुई लागली. बाटली लटकली, थेंब सुरू झाले. बाटली संपली, दुसरी लावली. लंगोट कोरडा. चिऊचे डोळे आत गेले होते, पापण्या अर्ध्या उघड्या, आणि ती आता रडतही नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चिऊच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "एवढं पाणी जातंय कुठे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मागच्या खेपेला दवाखान्यात आणल्यावर तरी फरक पडला होता. या वेळी गाव सोडूनही काही उपयोग नव्हता. सुचिता भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. जावई मोताळ्याहून निघाले होते. मी सगळ्या देवांना हाका मारल्या. ज्यांना कधी नारळ फोडला नव्हता त्यांनाही मारल्या. ही पोर गेली तर माझी पोर जगणार नाही, एवढं मला दिसत होतं.

हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. बाटलीतला एकेक थेंब बघत होते. मग वाकले, चिऊच्या ओठांवरून बोट फिरवलं आणि ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं, अविनाशने मोटरवरून हात फिरवून बघितलं होतं तसं.

"मी जरा घरी जाऊन येतो," ते म्हणाले.

"आता?"

"बाग पाह्यतो."

माझं डोकंच फिरलं. "जा! जा, त्या बागेच्याच गळ्यात पडा! पोरीच्या वक्ताले बी असंच केलं होतं तुमी, आता नातीच्या वक्ताले बी! लाज वाटू द्या काही!" वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या. मला त्याचं काही नव्हतं.

ते दारापर्यंत गेले, परत आले, सुचिताच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेले.

दुपार कलत आली. मी चिऊला मांडीवर घेऊन बसले होते. नर्स म्हणाली, खाली ठेवा, पण मी ठेवलं नाही. वजनच नव्हतं तिला. मी काहीतरी पुटपुटत होते, गाणं की काय कोण जाणे. आणि मांडीला ऊब लागली.

मला आधी कळलंच नाही. मग साडीतून ऊब आत आली, पसरली, गुडघ्यापर्यंत आली. मी लंगोट चाचपला. चिंब होता.

"सुचिता! अवं मुतली! मुतली व ही!"

मी हसत होते, रडत होते, डॉक्टरीणबाई धावत आल्या. चिऊने डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. दोन्ही डोळ्यांतून टपटप थेंब. सुचिताने तिला हिसकून घेतलं आणि छातीशी लावलं. तिचा ब्लाउज समोरून ओला झाला होता. अख्ख्या वॉर्डाला हसू फुटलं.

मी ह्यांना फोन लावला. मघाशी इतकं बोलले होते, आता आधी हेच सांगायचं होतं. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"अवो, ऐकून राह्यले का? भिजवलं तिनं!"

पलीकडून ह्यांचा आवाज आला. मी ओळखलाच नाही. वाळल्या पानावरून कुणी पाय ओढावा तसा आवाज.

"भिजवलं?"

"माह्यी सारी साडी भिजवली. डोळ्यात पानी आलं तिच्या. तुमी कुठं हाय?"

"आंगनात. बोअरपाशी बसलो."

"मंग या ना इकडे. पाह्यून जा नातीले."

"मी..." ते थांबले. जीभ सुटत नसल्यासारखं बोलत होते. "मी आता उठत नाही, कौसल्या. उठलो तं तिचं पुन्हा कोरडं पडन."

"असं काय बोलता?"

"तू पाह्यत राय. पुन्हा भिजवते का, ते पाह्य." मग जरा वेळाने, "बागेपायी नाही आलो मी. सुचिताले सांग."

मी काही बोलायच्या आत फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बंद केला नव्हता त्यांनी, नुसता ठेवला होता. मी ऐकलं थोडा वेळ, तेच चुट्, चुट्. मग मीच बंद केला.

दवाखान्याच्या समोरच जीप लागतात. अर्ध्या तासात मी आंगणात पोचले असते. मी उठलेसुद्धा. पदर खोचला, चपला पायात सरकवल्या. चिऊ सुचिताच्या छातीशी जोरजोरात पीत होती आणि एक मूठ उघडमीट करत होती.

"बाबा काय म्हने?" सुचिताने विचारलं.

"पोरगी कशी हाये म्हने," मी म्हणाले, आणि खाली बसले.

दिवस मावळेपर्यंत चिऊने पिशवीतले सगळे लंगोट ओले केले. दर वेळी सुचिता हसली, आणि दर वेळी मीही हसले. फोन मी पुन्हा लावला नाही.